सरांची लेन्स, नवा कॅमेरा

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात पहिल्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमधली, एआयवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी कोणी ना कोणी बोलतंच. मी एका रशियन लेन्सवर बोलते. ही लेन्स तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. तिच्यासमोर हललात म्हणून बहुतेकांनी बोलणीही खाल्ली आहेत.

माझे बाबा, म्हणजे तुमचे विज्ञानाचे सर, पहिल्या रांगेत बसले आहेत. माझं काही चुकलं तर ते उठून दुरुस्त करणार आहेत. तशी सूचना घरून निघतानाच मिळाली आहे.

सरांचा कॅमेरा आठवतोय ना? काळा-रुपेरी, विटेसारखा जड, चामड्याच्या तपकिरी केसमधला. तो झेनिट-ई. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचं हे मॉडेल, आणि बाबांच्या कॅमेऱ्यावर १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचं चिन्ह आहे. त्याला बॅटरी लागत नाही. वरच्या बाजूला प्रकाश मोजायची सेलेनियमची पट्टी असते, तिच्यावर ऊन पडलं की काटा आपोआप हलतो. सहलीत सर आधी कॅमेरा आकाशाकडे धरून काहीतरी वाचायचे, ते हेच. आधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल, पुढे रंगीत. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि छत्तिसांचाही हिशोब वहीत. वर्गाचा फोटो एकदाच काढला जायचा. दुसरा काढायचा तर कोणाचे तरी डोळे मिटलेले असायला हवेत, आणि ते सरांना दिसलेले असायला हवेत.

त्या कॅमेऱ्यावरची लेन्स होती हेलिऑस ४४-२. ५८ मिलिमीटरची, एफ/२. आत काचेची सहा भिंगं. तिची रचना मुळात रशियन नाही. जर्मनीतल्या येना इथल्या कार्ल झाइसची 'बायोटार' नावाची लेन्स महायुद्धाआधी निघाली होती, तिच्यावरून ही बेतलेली. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी ती इतक्या मोठ्या संख्येने काढली की आज जगभरच्या जुन्या बाजारांत ती मिळते. थोडक्यात, आमच्या घरातली वस्तू दुर्मीळ नाही, बाजारात तिला फार किंमतही नाही. तरीही मी तिच्यामागे जवळजवळ वर्षभर का लागले, ते सांगते.

२२ जुलै २०२१. चिपळूणकरांना तारीख पुढे समजावून सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यात माळ्याच्या खाली हातभर अंतरापर्यंत आलं होतं. आई-बाबा शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होते. मी पुण्यात, आणि फोन लागत नव्हता. माणसं सुखरूप राहिली. कॅमेरा माळ्यावर होता, तोही राहिला. पण सरांची निगेटिव्हची ट्रंक पलंगाखाली होती. सतरा-अठरा वर्षांच्या सहली, स्नेहसंमेलनं, विज्ञान प्रदर्शनं, प्रत्येक दहावीचा निरोप समारंभ. सगळं त्या ट्रंकेत, आणि ट्रंक चिखलात.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. मी पाच दिवसांनी पोचले आणि त्या ओल्या पट्ट्या पाकिटांसकट उन्हात वाळवायला ठेवल्या. कपडे वाळवतात तशा. निगेटिव्हवर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्या थरात असतं. तो थर पाण्याने फुगतो आणि वाळताना ज्याला टेकला असेल त्याला चिकटतो. एका दुपारी सगळ्या पट्ट्या एकमेकींना आणि कागदाला घट्ट चिकटल्या. खरं तर अशा भिजलेल्या निगेटिव्ह वाळू द्यायच्या नसतात. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून, एकेक अलगद सोडवून, धुऊन मग वेगवेगळ्या टांगायच्या असतात, आणि हे सगळं पहिल्या एक-दोन दिवसांत करायचं असतं. पाच दिवस आधीच गेले होते, त्यामुळे किती वाचल्या असत्या देव जाणे. पण जेवढ्या वाचल्या असत्या, त्या मी घालवल्या. बाबा काही बोलले नाहीत. ट्रंक रिकामी करून झाल्यावर एवढंच म्हणाले, "कॅमेऱ्याचं बघ काही होतंय का."

कॅमेऱ्याचं काही होत नव्हतं. झेनिटचं शटर कापडी पडद्याचं असतं. दमट हवेत ते जाम झालं होतं. पुण्यात एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं, त्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, शोकेसमध्ये ठेवा." मग बाबांनीच फोनवर सांगितलं, "बॉडी राहू दे. लेन्स फिरवून काढ. चित्र लेन्सने होतं."

आता सगळ्यांनी दहावीच्या प्रयोगशाळेत चला. बहिर्गोल भिंग, मेणबत्ती आणि पडदा. मेणबत्ती लांब नेली की पडदा भिंगाच्या जवळ आणावा लागतो. फारच लांबची वस्तू असेल, समजा खिडकीबाहेरचा डोंगर, तर प्रतिमा नाभीय अंतरावर स्पष्ट पडते. पडदा त्यापेक्षा मागे राहिला तर डोंगर धूसर. एक भागिले व्ही वजा एक भागिले यू बरोबर एक भागिले एफ. बघा, सर मान हलवताहेत.

कॅमेऱ्यात भिंग म्हणजे लेन्स, आणि पडदा म्हणजे पूर्वी फिल्म, आता सेन्सर. लेन्स ज्या कड्यावर बसते ते कडं आणि फिल्म यांच्यातलं अंतर प्रत्येक कंपनीने ठरवून दिलेलं असतं. हेलिऑसला मागे ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे असतात, म्हणून त्या जोडणीला एम-४२ म्हणतात. तिचं अंतर ४५.४६ मिलिमीटर. लेन्सच्या मागे आरसा वरखाली व्हायला जागा लागायची, म्हणून इतकं जास्त. आताच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. माझ्या सोनीच्या कॅमेऱ्यात हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे.

४५.४६ वजा १८, राहिले २७.४६. एवढ्या जाडीची एक पोकळ धातूची नळी, जिच्या एका बाजूला एम-४२चे आटे आणि दुसऱ्या बाजूला सोनीची जोडणी. याला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. त्यात काच नाही, तार नाही, चिप नाही. मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये दोन सिस्टिम एकमेकींशी बोलत्या करण्याचे पैसे घेते. इथे दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलत नाहीत. नळीने फक्त अंतर राखायचं, तेवढ्यावर काम होतं.

पण ते अंतर नीट राखायला हवं. माझ्याकडे आधी जुना निकॉनचा डीएसएलआर होता. त्याचं अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे हेलिऑसला हवं त्यापेक्षा १.०४ मिलिमीटर जास्त. एक मिलिमीटरने काय बिघडतं? सूत्रात घालून बघा. ५८ मिलिमीटरची लेन्स एवढी पुढे सरकली की साधारण सव्वातीन मीटरच्या पलीकडचं काहीच स्पष्ट येत नाही. अ‍ॅडॉप्टरची स्वतःची जाडी धरली तर त्याहूनही कमी. आता वर्गाचा फोटो आठवा. एका रांगेत दहा-अकरा जण म्हणजे पाच मीटरची रुंदी. ती मावायला या लेन्सने जवळजवळ आठ मीटर मागे जावं लागतं. म्हणजे त्या कॅमेऱ्यावर हेलिऑसने फुलं आणि फुलपाखरं आली असती, दहावी-अ आली नसती. उलट कॅननच्या डीएसएलआरचं अंतर ४४ आहे, तिथे दीड मिलिमीटरच्या चकतीत काम भागतं. पेंटॅक्सने तर १९७५मध्ये नवी जोडणी आणताना जुनं ४५.४६ मुद्दाम तसंच ठेवलं, लोकांच्या जुन्या लेन्स चालत राहाव्यात म्हणून. आमच्या क्षेत्रात इतका विचार क्वचितच होतो.

अ‍ॅडॉप्टर हजार रुपयांच्या आसपास मिळाला. पण लेन्सच्या आत बुरशी होती. कोकणात राहणाऱ्याला बुरशी लोणच्यावर, पुस्तकावर, चपलेवर माहीत असते. काचेवर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि हळूहळू वरचं कोटिंग खाते. हेलिऑस उघडायला सोपी आहे असं वाचलं, म्हणून मीच उघडली. भिंगं पुसली, वाळलेलं ग्रीस काढलं, नवं लावलं, परत जोडली. अ‍ॅडॉप्टरवर बसवली आणि समोरच्या टेकडीवरच्या टॉवरवर रोखली. टॉवर धूसर. रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी धूसर.

मी म्हटलं, अ‍ॅडॉप्टर जाड आहे. हे अशक्य नव्हतं. नळी मिलिमीटरचा दहावा भाग जरी जाड झाली, तरी या लेन्सचा पल्ला चौतीस मीटरच्या आसपास संपतो. म्हणून बरेच उत्पादक ती मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. मी अ‍ॅडॉप्टर परत केला, दुसऱ्या कंपनीचा मागवला. तोच प्रकार. मी चिडून बाबांना फोन केला की आजकाल कोणी काही नीट बनवत नाही. बाबा म्हणाले, "दोन वेगळ्या कंपन्यांची नळी, आणि चूक तंतोतंत तीच? मग न बदललेली वस्तू कुठली?"

न बदललेली वस्तू लेन्स होती. ती जोडणारी मी होते. फोकस रिंगच्या आत एकात एक बसणारे जाड आटे असतात, आणि त्यांना सुरुवातीची तोंडं एकाहून जास्त असतात. उघडताना आटे जिथे सुटतात तिथे खूण करून ठेवायची असते. मी ती केली नव्हती, आणि जोडताना चुकीच्या तोंडातून घातले होते. मग कागदी पट्टी चिकटवून एकेक तोंड क्रमाने तपासत गेले. चौथ्या खेपेला टॉवरच्या जाळीची प्रत्येक पट्टी मोजता आली. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारीला नववीच्या वर्गातल्यासारखं शिकवावं लागलं.

बुरशी पुसली, पण एका भिंगावर तिची नक्षी राहिलीच. उजेडासमोर धरलं की दिसते. ती घासून काढायच्या नादात कोटिंग जाईल, म्हणून मी तिथेच थांबले.

त्या दिवाळीत कॅमेरा बाबांच्या हातात दिला. या लेन्सला दोन रिंगा असतात. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरीने छिद्र उघडायचं आणि मिटायचं. जुन्या कॅमेऱ्यात छिद्र उघडं ठेवून फोकस करायचा, मग मिटायचं. मिटलं की आतलं दृश्य अंधारायचं आणि त्या अंधारात अंदाजाने बटण दाबायचं. म्हणून सर "हलू नका" ओरडायचे. त्या क्षणी आपण त्यांना नीट दिसतच नसायचो! बाबांनी सवयीने रिंग मिटून एफ/८ केलं आणि थांबले. "अंधार नाही झाला," म्हणाले. नवा कॅमेरा सेन्सरवरचं चित्र स्वतःच उजळ करून पडद्यावर दाखवतो. मी बटण दाबून चित्र मोठं करून दाखवलं. आईच्या चष्म्याची कडा पडदाभर झाली. मोतीबिंदूनंतर बाबांना बारीक दिसत नाही म्हणून त्यांनी कॅमेरा सोडला होता. त्या दिवशी त्यांनी अंगणात बासष्ट फोटो काढले आणि मग विचारलं, "रोल किती उरला?"

ही लेन्स आजच्या लेन्सपेक्षा चांगली आहे का? नाही. उन्हाकडे रोखली की फोटो पांढुरका होतो. पूर्ण उघडी असताना कडेला मऊ पडते. पण झाडाच्या पानांसमोर माणूस उभा केला की मागचे उजेडाचे ठिपके कडेकडेला लांबट होत जातात आणि माणसाभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात. रचनेतला तो दोष आहे. आज त्याच दोषासाठी लोक ही लेन्स शोधतात. मला तो आवडतो, पण रोजच्या कामाला मी आधुनिक लेन्सच वापरते.

तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर जुना कॅमेरा असेल तर चार गोष्टी सांगते.

एक, लेन्स निघते का ते बघा. अ‍ॅग्फा क्लिक, हॉट शॉट, याशिकाचे दोन डोळ्यांचे कॅमेरे यांची लेन्स अंगातच असते, त्यांच्या मागे लागू नका. आट्यांची किंवा फिरवून निघणारी लेन्स असेल तर तिच्यासाठी अ‍ॅडॉप्टर बहुधा मिळतो.

दोन, लेन्स बॅटरीच्या उजेडासमोर धरून आत पाहा. जाळं दिसलं तर ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. स्वच्छ असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, ती ओल धरते. काही जुन्या लेन्सच्या, उदाहरणार्थ सुपर-टाकुमार ५० एफ/१.४च्या, काचेत थोरियम असतं आणि ती पिवळी पडते. ती बुरशी नव्हे. काही दिवस उन्हात ठेवली की पिवळेपणा कमी होतो. मात्र असली काच कधीही घासू नका.

तीन, नवा कॅमेरा अशी लेन्स ओळखत नाही. "लेन्स बसवलेली नाही" म्हणून फोटोच काढत नाही. लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याची एक सोय मेनूमध्ये असते, ती चालू करा. कॅमेऱ्यात हात स्थिर ठेवणारी यंत्रणा असेल तर तिला ५८ किंवा जो असेल तो आकडा स्वतः सांगा. आणि सेन्सर लहान असेल तर चित्र दीडपट जवळ आल्यासारखं दिसेल, हे लक्षात ठेवा.

चार, उघडायची असेल तर आधी खूण करा. यावर अधिक बोलत नाही.

आता मूळ कामाकडे येते. सरांची लेन्स वाचली, पण तिने काढलेली चित्रं गेली. आमच्या घरी तुमच्या तुकडीचा एकही फोटो नाही, माझ्या स्वतःच्या दहावीचासुद्धा नाही. अल्बमचा लगदा झाला, निगेटिव्हचं काय झालं ते सांगितलंच. पण सर प्रत्येक फोटोच्या प्रती काढून वर्गात विकायचे. विकायचे म्हणजे खर्चापुरते पैसे घ्यायचे, आणि ज्यांच्याकडे नसत त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत. त्या प्रती तुमच्याकडे आहेत. कोणाच्या कपाटात, कोणाच्या आईच्या देव्हाऱ्याच्या खणात, कोणाच्या अल्बममध्ये चिकटलेल्या.

माझी विनंती एवढीच, की त्या आणा. उद्या सकाळी नऊपासून प्रयोगशाळेत मी टेबल, दोन दिवे आणि कॅमेरा मांडून बसणार आहे. प्रिंट तुमच्यासमोर टिपून तिथल्या तिथे परत देईन. त्यासाठी हेलिऑस वापरणार नाही. सपाट कागद कडेपर्यंत नीट यायला हवा, त्याला आजची मॅक्रो लेन्सच हवी. काचेला चिकटलेला फोटो असेल तर ओढून काढू नका, फ्रेमसकट आणा. मागे सरांच्या अक्षरात तारीख असेल तर मागची बाजूही टिपायची आहे. लांबच्यांनी घरी गेल्यावर नीट टिपून पाठवा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, तिथे तो बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शंभर मिळाले तर शंभर, पाच मिळाले तर पाच.

आणि अकरा वाजता आपण सगळे जुन्या पायऱ्यांवर उभे राहणार आहोत, १९९६ला होतो त्याच क्रमाने, जितका आठवेल तितका. जे आज नाहीत त्यांच्या जागा आपण मोकळ्या ठेवू. तो फोटो मात्र हेलिऑसने. आठ मीटर मागे स्टँड लावलेला असेल आणि बटण सर दाबणार आहेत.

यावेळी आपण त्यांना शेवटपर्यंत नीट दिसणार आहोत. तेव्हा हलू नका.